भिंती गोष्ट सांगतात तेव्हा...

गेम म्हणजे नुसती मारामारी, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) खेळून बघावा. असुरांनी पळवलेल्या गोलूला शोधायला त्याची बहीण राजी निघते आणि तिची गोष्ट दुर्गा व विष्णू आपसात बोलत आपल्याला सांगतात. वाटेत भिंतींवर देवांच्या कथा रंगवल्या आहेत. चित्रापाशी थांबलात तर कथा ऐकू येते, घाईत पुढे पळालात तर हुकते! फाइट्स मला नंतर तोचतोचपणाच्या वाटल्या, पण ते जग डोक्यातून जात नाही.

मित्रांनो, आपल्या वसई किल्ल्यात पडकी पोर्तुगीज चर्चेस आहेत, १७३९ चा चिमाजी आप्पांचा वेढा आहे, शेजारी खाडी आहे. कॉम्प्युटरवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टला आणखी काय हवं?