घागर, चुंबळ आणि परिचारिका

भरलेली घागर डोक्यावर घेण्यापूर्वी बायका खाली चुंबळ ठेवतात. तिच्यामुळे घागरीचे वजन गुंजभरही घटत नाही. ते अधिक क्षेत्रफळावर विभागले जाते, म्हणून टाळूवरचा दाब कमी होतो.

आता आपल्या आजऱ्याची एखादी मुलगी बारावीनंतर नर्सिंग शिकायला कोल्हापूरला जाते असे समजा. घर सुटते, रात्रपाळी सुरू होते आणि अठराव्या वर्षी डोळ्यांदेखत रुग्ण दगावतो. अशा वेळी तिच्या मेंदूतील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरते. रक्तातील साखर वाढते, शरीर सज्ज होते. घटकाभर हे उपयोगीच. पण ही स्थिती आठवडेच्या आठवडे टिकली, तर झोप आणि स्मरण दोन्ही बिघडतात.

इथे चुंबळ कोणती? माणसांचा आधार. कोहेन व विल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली अनेक अभ्यास तपासून दाखवले की, अडचणीच्या काळात मिळणारा आधार ताणाची झळ कमी करतो. २००६ साली जेम्स कोन व सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य धक्का बसेल असे सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. पतीचा हात हाती असताना मेंदूतील धोक्याची खळबळ कमी दिसली. परक्याच्या हातानेही थोडा फरक पडला. धक्क्याचा धोका मात्र तेवढाच होता!

उलट उदाहरणही आहे. इझाबेल मेंझीस यांनी १९६० साली लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे शिकाऊ परिचारिकांना सतत या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवीत. कोणाशी नाते जुळायचेच नाही. सुमारे एकतृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडत.

अर्थात, चुंबळ आहे म्हणून घागर कितीही मोठी घ्यावी असे नव्हे. एका मुलीवर किती रुग्ण सोपवायचे, हा प्रश्न मैत्रिणींनी सुटणारा नाही. शिवाय आधारही प्रसंगाला साजेसा हवा: शीर सापडत नसेल तेव्हा धीराच्या शब्दांपेक्षा हात धरून दाखवणारी वरच्या वर्गातली ताई बरी.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखले गेले होते. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने (स्थापना १९०९) स्त्रियांना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवले. त्यांत विधवाही होत्या, आणि त्या काळी हे काम हलके मानले जाई. संस्थेने नुसता प्रवेश मिळवून दिला नाही. त्यांच्यासाठी वसतिगृहही चालवले.