बांधायला पैसा, चालवायला चणचण : पुण्याच्या बस-मेट्रोची वीस वर्षे

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीची बस धावली, तेव्हा बससाठी स्वतंत्र मार्गिका आखणारे पुणे हे देशातले पहिले शहर ठरले. अहमदाबादची जनमार्ग सेवा त्यानंतर जवळपास तीन वर्षांनी आली. पुढे देशभरातले अधिकारी बीआरटी पाहायला अहमदाबादला जाऊ लागले आणि पुण्याचे उदाहरण कसे करू नये हे सांगण्यासाठी दिले जाऊ लागले. पुणेकर बसला मुळात नकार देत होते म्हणून असे झाले नाही. स्वारगेटच्या थांब्यावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे.

त्या प्रकल्पाचा पैसा कुठून आला, हे आधी पाहायला हवे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पुण्याच्या वर्गातल्या शहरांसाठी सूत्र असे होते की प्रकल्पाच्या खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा आणि ३० टक्के पालिकेचा. काही महिन्यांतच, २००६ मध्ये, राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना द्या, असा त्याचा गाभा होता. धोरण नेमके आणि योग्य होते. पण पैसा आला तो प्रकल्पासाठी, म्हणजे खोदाईसाठी, काँक्रीटसाठी, कठड्यांसाठी. मार्गिका तयार झाली की तिच्यावर दर तीन-चार मिनिटांनी बस सोडायची असते, बंद पडलेली बस दहा मिनिटांत हलवायची असते, घुसखोर दुचाक्या अडवायला माणसे ठेवायची असतात. या सगळ्याला पैसा लागतो, तोही दर महिन्याला, आणि त्याची तरतूद त्या सूत्रात नव्हती.

बीआरटीचे यश फेऱ्यांवर ठरते. मार्गिका रिकामी दिसली की शेजारच्या कोंडीत अडकलेला माणूस चिडतो, त्याचा नगरसेवक सभागृहात उभा राहतो आणि मार्गिकाच नको अशी मागणी सुरू होते. मार्गिकेत बस भरपूर असत्या, तर त्याच कोंडीतल्या माणसाने निदान एकदा तरी विचार केला असता की आपण तिकडे का नाही. पुण्यात भरपूर बस कधी आल्याच नाहीत. त्यात रस्त्याच्या मध्यावरच्या थांब्यापर्यंत पोहोचायला वृद्धांनी आणि शाळकरी मुलांनी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. अपघात झाले आणि लोकांचा राग रास्त होता. दहाएक वर्षांनी त्याच मार्गातल्या सातारा रस्त्यावर बीआरटीची पुनर्बांधणी काढावी लागली.

ऑक्टोबर २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन्ही बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. दोन शहरे एकमेकांत मिसळली होती, त्यामुळे निर्णय बरोबरच होता. मालकी पुण्याची ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडची ४० टक्के ठरली, आणि संचलन तूटही त्याच प्रमाणात वाटून घ्यायची असे ठरले. कंपनी म्हटली तरी तिच्या हातात स्वतःचे असे फार थोडे राहिले. भाडे वाढवायचे तर परवानगी घ्यायची, गाड्या घ्यायच्या तर दोन्ही पालिकांकडे जायचे, आणि तुटीचे पैसे कधी मिळतील ते त्यांच्या तिजोरीवर अवलंबून. वर प्रमुख अधिकारी टिकत नाहीत. मार्च २०१७ मध्ये आलेले तुकाराम मुंढे वर्ष पुरे होण्याआधीच बदलून गेले. त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल मतभेद असू शकतील, पण ज्या सेवेचे वेळापत्रक रुळायलाच दोन वर्षे लागतात, तिथे असे चालणार नाही.

२०१५ मध्ये रेनबो बीआरटी आली, आधी संगमवाडी–विश्रांतवाडी, मग औंध–रावेत, आणि पुढच्या वर्षी नगर रस्ता. पहिल्या प्रयोगातून बरेच शिकल्याचे इथे दिसत होते. बंदिस्त स्थानके होती आणि बसला उजव्या बाजूला रुंद दार होते, म्हणजे फलाटावरून थेट आत पाऊल टाकता येई. गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, हा बदल कागदावर छोटा दिसतो आणि रोजच्या प्रवासात मोठा असतो. नगर रस्त्यावरची बीआरटी मात्र २०२३ च्या अखेरीपासून उखडायला सुरुवात झाली. त्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे उजवे दार आता तिथे बंदच असते आणि प्रवासी डावीकडच्या पायऱ्यांशी झोंबतात. पिंपरी-चिंचवडने दापोडी–निगडी मार्गिका २०१८ मध्ये सुरू केली आणि टिकवली. एकाच कंपनीच्या बस, जोडून असलेली शहरे, आणि निकाल वेगळा. कारण रस्ता पालिकेचा, बस कंपनीची, आणि मार्गिका ठेवायची की काढायची याचा निर्णय बस चालवणाऱ्याकडे नाही.

मेट्रोची गोष्ट वेगळ्या हिशेबाने चालली. दिल्ली मेट्रोने पुण्याचा प्रकल्प अहवाल २००९ मध्ये केला. मग उन्नत की भुयारी या वादात वर्षे गेली. नागपूरच्या मेट्रोला ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पुण्याला डिसेंबर २०१६ उजाडला. ३१ किलोमीटरचे दोन मार्ग, मंजूर खर्च ११,४२० कोटी रुपये. केंद्र आणि राज्य यांची संयुक्त महामेट्रो, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सची विकास संस्था यांची कर्जे. मार्च २०२२ मध्ये वनाज–गरवारे आणि पिंपरी–फुगेवाडी हे तुकडे सुरू झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटला टेकला. मला मेट्रो मनापासून हवी होती. पिंपरीहून शिवाजीनगरला घाम न येता, वेळ सांगून पोहोचता येते, ही या शहरासाठी लहान गोष्ट नाही.

मेट्रोला आणखी एक आधार मिळाला, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. पुण्यात घर घेणाऱ्याला एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार भरावा लागतो, ज्याला सगळे मेट्रो अधिभार म्हणतात. ५० लाखांच्या सदनिकेवर ५० हजार रुपये. वाहतूक चांगली झाली की जमिनीचे भाव वाढतात, मग त्या वाढीतला थोडा हिस्सा वाहतुकीला द्यावा, हे तत्त्व मला पूर्ण पटते. पण ते घर उंड्री-पिसोळीला असेल, तर तिथल्या माणसाला रोज लागते ती बस. त्या बसच्या सीएनजीसाठी आणि चालकाच्या पगारासाठी अशी कोणतीही हमखास वाट नाही.

नियोजनाचा मेळ किती नव्हता, याची खूण विद्यापीठ चौकात आहे. तिथले उड्डाणपूल हिंजवडी–शिवाजीनगर या वेगळ्या मेट्रोच्या आड येत होते म्हणून जुलै २०२० मध्ये पाडले गेले. जेमतेम दीड दशकाचे ते पूल. दुसऱ्याच प्रकल्पासाठी ते पाडायचे आणि मग दुमजली पूल बांधायचा, एवढा पैसा या शहराला परवडला. त्याच शहरात मार्च २०२३ मध्ये थकीत बिलांसाठी ठेकेदारांनी अचानक गाड्या उभ्या केल्या आणि शेकडो बस रस्त्यावरून गायब झाल्या. पीएमपीएमएलच्या बऱ्याच बस ठेकेदारांच्या आहेत; त्यांना दर किलोमीटरमागे पैसे द्यावे लागतात, तिकिटातून तेवढे सुटत नाहीत, मधली दरी पालिकांनी भरायची असते. ती वेळेवर भरली नाही की पहिला फटका थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बसतो.

बस स्वस्त आणि वारंवार असली की लोक येतात, हेही पुण्याने पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये मध्यवस्तीत पुण्यदशम सुरू झाली : वातानुकूलित छोट्या बस, १० रुपयांत दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. पेठांतल्या गल्ल्यांना साजेशी ही कल्पना होती. पण तिचाही सगळा भार तुटीवरच टाकलेला. अखेर जून २०२५ मध्ये पीएमपीएमएलचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले आणि मासिक पास ९०० वरून १,५०० वर गेला. अनेक वर्षे भाडे न वाढवणे आणि मग एका फटक्यात एवढे वाढवणे, दोन्हीही निर्णयातली कुचराईच. कात्रजहून कोथरूडला धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या घरखर्चात ६०० रुपयांचा फरक काय असतो, हे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी एकदा तिच्याशेजारी बसून विचारावे.

बांधायला पैसा द्यायचा आणि चालवायला नाही, ही चूक केंद्राला उशिरा का होईना उमगलेली दिसते. ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत दहा हजार विजेच्या बससाठी दहा वर्षे संचलनाला मदत द्यायचे ठरले. गाडी घ्यायला नव्हे, चालवायला मदत, हा खरा बदल आहे. मात्र तीन ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांसाठीच ती आहे. मोठ्या शहरांसाठी आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये पुणे आहे, पण त्यात भर पुन्हा बसवरच्या अनुदानावर.

हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो खासगी भागीदारीत आहे आणि तिचा करार ३५ वर्षांचा आहे. म्हणजे त्या २३ किलोमीटरच्या मार्गाचे उत्पन्न, खर्च, देखभाल, सगळे ३५ वर्षांसाठी कागदावर ठरलेले आहे, कारण त्याशिवाय पैसा घालायला कुणी पुढे आलेच नसते. बसलाही असा करार हवा. मुद्रांक अधिभारातला ठरावीक वाटा, दोन्ही पालिकांनी तिमाहीच्या सुरुवातीलाच आगाऊ भरायची तूट, दरवर्षी थोडी थोडी होणारी भाडेवाढ, आणि त्या बदल्यात प्रत्येक मार्गावर किती मिनिटांनी बस येईल याची लेखी हमी, हे सगळे दहा वर्षांसाठी बांधून घेता येईल. निदान हिंजवडीच्या स्थानकांना जोडणाऱ्या बसपासून तरी सुरुवात करावी.