ऊन तेच, जमीन बदलली : राहनाळचा उष्णतेचा जमाखर्च



भिवंडीजवळच्या राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी आता गोदामांचे पत्रे आणि काँक्रीटचे रस्ते दिसतात. ‘पूर्वी एवढं उकडत नव्हतं’, असं घरोघरी ऐकू येतं. सूर्य तर तोच आहे, मग बदललं काय? मुलांना हे जमाखर्च मांडून छान समजावता येतं.

जमा : आकाश निरभ्र आणि सूर्य डोक्यावर असला की जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. खाचर असो वा रस्ता, जमा सारखीच.

खर्च : यातली थोडी ऊर्जा परावर्तित होते. नवा डांबरी रस्ता जेमतेम ५ टक्के परत पाठवतो, हिरवं शेत साधारण २० टक्के. पण खरा फरक पाण्यामुळे पडतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ऑक्टोबरच्या उन्हात ओलं भातशेत बरीचशी ऊर्जा अशी वाफेवरच खर्च करतं. काँक्रीटकडे पाणीच नाही, म्हणून ते स्वतः तापतं आणि हवाही तापवतं.

शिल्लक : दिवसभर साठलेली उष्णता रात्री अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे जाते. मोकळ्या शेताला सगळं आकाश खुलं असतं. दाटीच्या इमारतींमध्ये मात्र एका भिंतीने सोडलेली उष्णता समोरची भिंत शोषून घेते. त्यामुळे गल्ली उशिरा निवते.

पत्रा आणि स्लॅब यांचं वागणंही वेगळं. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो आणि खाली बसलेल्यांवर उष्णता सोडतो, पण सूर्यास्तानंतर लवकर थंड होतो. जाड स्लॅब सावकाश तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता देत राहतो. म्हणजे दुपारी पत्र्याखालच्या वर्गातली मुलं तापतात, रात्री स्लॅबखालची झोप मोडते.

उपाय याच हिशोबात आहेत. छताला पांढरा चुना दिला की परावर्तन वाढतं. झाड लावलं की सावली मिळते आणि बाष्पीभवनही होतं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे तिथे वस्त्यांमधली छतंही पांढरी रंगवली गेली.

करून पाहा : दोन सारख्या पत्र्याच्या डब्यांपैकी एकाला बाहेरून चुना लावा, दुसऱ्याला काळा रंग. दोन्हींत सारखंच पाणी भरून झाकणं लावा आणि तासभर उन्हात ठेवा. मग तापमापीने पाण्याचं तापमान मोजा. आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या आणि विचारा, आपल्या शाळेचं छत यातल्या कुठल्या डब्यासारखं आहे?