पुढच्या ओळीचा डेलिया : रंगाआधी उंची विचारा

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक आधी पन्हा विचारते, मग धुतल्यावर कापड किती आटेल ते विचारते. तेच गिऱ्हाईक नर्सरीत गेले की फक्त रंग पाहते आणि पिशव्या उचलते. डेलियाच्या बाबतीत ही सवय महाग पडते. डेलिया आटत नाही, वाढतो. एका जातीचा डेलिया फूटभर उंचीवर थांबतो, दुसऱ्या जातीचा माणसाच्या छातीला लागतो. नर्सरीतल्या काळ्या पिशवीत मात्र दोघेही वीतभरच असतात.

वसई-विरार भागात फुलांचा व्यापार जुना आहे. येथील वाड्यांतला मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातो. डेलियाचे स्थान त्या टोपलीत नाही, तो शोभेचा. दुकानासमोरची पट्टी, शोरूमच्या काचेखालचा वाफा, सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंतची दोन-तीन फुटांची कड, एवढ्यातच त्याचे काम. आमच्या वाचकांपैकी काहीजण रोपे विकतात, काहीजण बागांची कंत्राटे घेतात आणि पुष्कळांच्या दुकानासमोर अशी पट्टी आहे. म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

आमच्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्या बंधूंनी मागच्या हिवाळ्यात दुकानासमोर वीस फूट वाफा केला. मागे झेंडू, पुढे ‘बुटका’ म्हणून मिळालेला डेलिया. जानेवारीत डेलिया साडेतीन फुटांवर गेला, झेंडू त्याच्या सावलीत दिसेनासा झाला आणि काचेमागचे दिवाण निम्मे झाकले गेले. रोपे निरोगी होती, फुलेही सुरेख होती. माल वाईट नव्हता, माप चुकीचे सांगितले गेले होते. ऐन लग्नसराईत त्यांना काठ्या बांधाव्या लागल्या, मग निम्मी रोपे उपटावी लागली.

वाफ्याचे माप आधी ठरवावे. तीन फूट रुंदीच्या वाफ्यात मागची ओळ अडीच-तीन फुटांची, मधली दीड-दोन फुटांची आणि पुढची फूट-सव्वा फुटाची असली म्हणजे रस्त्यावरून तिन्ही ओळी दिसतात. पट्टी दीड फुटाचीच असेल तर मधली ओळ विसरावी. पुढच्या ओळीत बुटक्या डेलियाची दोन रोपे एक फूट अंतरावर बसतात, म्हणजे वीस फुटांना वीस रोपे. दाट लावल्याने पैसे जास्त जातात आणि हवा खेळत नाही. मग पानांवर भुरी येते.

आता मुख्य गोष्ट. नर्सरीतले रोप बुटके दिसते त्याची तीन कारणे असू शकतात. पहिले, ते जातीनेच बुटके आहे. दुसरे, ते अजून लहान आहे. तिसरे, त्याला औषध देऊन बुटके ठेवले आहे. कोकणातल्या आंबेवाल्यांना कल्टार ठाऊक आहे. त्यातले पॅक्लोब्युट्राझोल झाडात गिबरेलिन नावाचे उंची वाढवणारे द्रव्य तयार होऊ देत नाही. कुंडीतली फुलझाडे आटोपशीर दिसावीत म्हणूनही असली औषधे जगभर वापरतात. यात लबाडीच असते असे नाही. रोप कुंडीतच ठेवायचे असेल तर ठीक आहे. पण जमिनीत लावल्यावर औषधाचा जोर ओसरला की नवा फुटवा आपल्या मूळ उंचीकडे निघतो. आमच्या धंद्यात खळ दिलेले कापड असते ना, काउंटरवर कडक आणि पहिल्या धुण्यानंतर लुळे? तसाच हा प्रकार.

ओळखावे कसे? जातीने बुटक्या रोपाला बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेल्या असतात, पानांच्या जोड्या जवळजवळ असतात, पाने लहान असतात. उंच जातीचे रोप बहुधा एकच जाड, पोकळ दांडा घेऊन वर चाललेले असते आणि पाने मोठी, रुंद असतात. कोलकात्याकडची ताटाएवढ्या फुलांची जात तर नक्कीच मागे लावायची. तिला पुढे जागा नाही. गर्द हिरवी, जाडसर, थोडी आकसलेली पाने आणि चिमुकल्या कुंडीत भरगच्च फूल दिसले, तर औषध दिले आहे का हे सरळ विचारावे. नजरेवर पूर्ण भरवसा मात्र ठेवू नये. जातीचे नाव विचारणे हाच पक्का उपाय.

बियाण्याच्या पाकिटावर ‘फिगारो’ असेल तर उंची साधारण 12 ते 16 इंच. ‘रेडस्किन’ही त्याच अंगाची, तिची पाने तांबूस-काळसर असतात, म्हणून फूल नसतानाही वाफा उठून दिसतो. ‘मिनियन’ एकेरी पाकळ्यांची, दीड फुटाच्या आसपास. कंदातून येणाऱ्यांत हॉलंडची ‘गॅलरी’ मालिका खास कुंडी आणि कडेसाठी तयार केलेली आहे. याउलट ‘बिशप ऑफ लँडॅफ’ तीन फुटांच्या वर जाते. मोबाइलवर ज्या मोठ्या दुधाळ-गुलाबी फुलाचे फोटो फिरतात ते ‘कॅफे ओ ले’. त्याचे झाड चार फुटांचे होऊ शकते. फोटो फक्त फुलाचा असतो, झाडाचा नसतो, हे ध्यानात ठेवावे.

गेल्या वर्षीच्या बुटक्या झाडाचे बी धरून यंदा पेरावे, असा हिशेब काहीजण करतात. डेलियात तो जमत नाही. हे मूळ मेक्सिकोचे झाड. 1789 साली त्याचे बी माद्रिदच्या बागेत आले आणि स्वीडनच्या आंद्रेस डाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला नाव मिळाले. बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. त्यामुळे एका फुलाच्या बियांतून निघणारी रोपे रंगाने आणि उंचीने वेगवेगळी होतात. हजारो जाती निर्माण झाल्या त्या याचमुळे, आणि घरच्या बियाण्याचा भरवसा नाही तोही याचमुळे. हुबेहूब तेच झाड हवे असेल तर कंद किंवा कलम. कंद घेताना मानेवर डोळा आहे की नाही ते पाहावे. नुसत्या गाठीला कोंब येत नाही, ती कितीही टणक असो. बुटक्या जातीचा कंद लहानच असतो, त्याला खोट समजू नये.

रंगाबद्दल आमचा तजुर्बा कापडाचा, पण इथेही चालतो. मिश्र रंगांचे पाकीट स्वस्त पडते, मात्र पुढच्या ओळीत दहा रंग म्हणजे चिंध्यांची गोधडी. एक रंग, फार तर दोन. हमरस्त्यालगत धूळ फार, तिथे पांढरा दोन दिवसांत मळतो. पिवळा आणि लाल टिकतात. एकच रंग हवा तर पहिले फूल उमललेलीच रोपे घ्यावीत, थोडी महाग पडली तरी.

आपल्या हवेचे गणित युरोपच्या कॅटलॉगपेक्षा उलटे आहे. तिकडे थंडी डेलिया मारते, इकडे पाऊस. बी सप्टेंबरच्या मध्यानंतर आडोशाला, ट्रेमध्ये पेरावे. पाऊस गेला की जमिनीत लावावे. दहा-बारा आठवड्यांत फूल येते. वसईच्या पश्चिमेला जमीन रेताड, पाणी चटकन निचरते, तिथे शेणखत जास्त घालावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर डेलिया कुंडीत गोड्या पाण्यावर ठेवणे बरे. पूर्वेकडच्या चिकट जमिनीत वाफा चार बोटे उंच करावा, नाहीतर कंद कुजतो. युरियाचा हात आखडता ठेवावा. जास्त नत्राने बुटकी जातही पानावर जाते. ओसरलेली फुले खुडत राहावे. कळी गोल असते आणि ओसरलेले फूल टोकदार, एवढी खूण माळ्याला दाखवली की पुरे.

विकणाऱ्या बंधूंना एक सुचवावेसे वाटते. पिशवीवर दोन आकडे लिहा : जमिनीतली पूर्ण उंची आणि दोन रोपांतले अंतर. कापडाच्या ठाणावर पन्हा आणि मीटर लिहिलेले असतात, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. ज्याचा वाफा जानेवारीत ठरल्याप्रमाणे भरला, तो पुढच्या ऑक्टोबरमध्ये पन्नास रोपांची ऑर्डर घेऊन त्याच फाटकातून आत येतो. सोसायटीच्या कंत्राटात तर एका वाफ्याचे काम पाहून शेजारची इमारत बोलावते.

खरेदीपूर्वी फुललेला माल पाहायचा असेल तर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीचे पुष्पप्रदर्शन आणि भायखळ्याच्या राणीबागेतले मुंबई महापालिकेचे प्रदर्शन ही दोन ठिकाणे उपयोगी आहेत. हंगामी फुलझाडे तिथे कुंड्यांत भरात असतात. आवडलेल्या झाडाचे नाव आणि उंची लिहून आणावी आणि ऑगस्टमध्येच नर्सरीवाल्याला सांगून ठेवावी. ऐन ऑक्टोबरमध्ये जे शिल्लक असेल तेच मिळते.

मार्च लागला की वसईच्या उन्हात डेलिया थकतो. कंद कोरड्या वाळूत घालून पावसाळाभर जपता येतो, पण आपल्या दमट हवेत बरेच सडतात. वीस-तीस रोपांसाठी तो खटाटोप आम्हाला परवडणारा वाटत नाही. दर वर्षी नवी रोपे घेणे सोपे. वाफा रिकामा झाला की त्याच ओळीत बुटकी सदाफुली लावावी, ती उन्हाळाभर दुकानाची पुढची बाजू सांभाळते.