दोन लाख कोणाचे आणि परत कधी?



गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका बचत गटाची डाळमिल बघायला शहरातून दोघं आले. मिल बघितली, डाळ हातात घेऊन पाहिली, फोटो काढले. जाताना म्हणाले, "आम्ही देणगी देत नाही आणि आम्ही बँकही नाही. आम्ही इम्पॅक्ट इन्व्हेस्टमेंट करतो. मोठ्या मशीनसाठी दोन लाख घालू." ते गेल्यावर गटाच्या अध्यक्ष ताईंचा आम्हाला फोन आला, "मदत नाही, बँकेचं कर्ज नाही, मग हे आहे तरी काय? आणि घ्यायचं का?"

इम्पॅक्ट इन्व्हेस्टमेंट हा शब्द २००७ साली इटलीत, बेलाजिओ इथं रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीतून पुढे आला. पैसे घालणाऱ्याला ते परत हवे असतात, बहुतेक वेळा थोडे वाढून. शिवाय त्या पैशाने कोणाचं तरी काही बरं झालं, हे मोजून दाखवलेलं हवं असतं. देणगीदार पैसे परत मागत नाही. बँक हप्ता मागते, पण त्या पैशाने गावात काय बदललं ते विचारत नाही. हे लोक दोन्ही विचारतात.

शब्द नवा असला तरी व्यवहार आपल्याकडे जुना आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. पैसे छगनलाल पारेख यांनी दिले होते आणि बायकांनी ते फेडले. पुढे १९६६ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने उद्योगाला मान्यता दिली, ८ लाखांचं खेळतं भांडवलही दिलं. पैसे बाहेरून आले, पण मालकी पापड लाटणाऱ्या बहिणींकडेच राहिली.

म्हणून पहिला प्रश्न मालकीचा. पैसे घालणारा कर्ज देतोय की भाग मागतोय? बचत गटाचे शेअर नसतात. शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद फक्त उत्पादक किंवा उत्पादकांच्या संस्थाच होऊ शकतात. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत. त्यामुळे बाहेरच्या माणसाला मोठा भाग हवा असेल, तर तो बहुधा वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला सांगेल. तिथं ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. उद्या डाळीचा भाव कोण ठरवणार, मिल विकायची की नाही हे कोण ठरवणार, हे सही करण्याआधी विचारायचं. आमचं मत विचाराल तर दोन लाखांसाठी एवढा खटाटोप करू नये.

दुसरा प्रश्न वेळेचा. आपण नेहमी व्याजाचा दर विचारतो आणि तिथंच थांबतो. समजा, दोन लाख बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता होतो साधारण ६,६४३ रुपये आणि एकूण परतफेड २ लाख ३९ हजारांच्या आसपास. दुसरी तऱ्हा अशी, की पैसे देणारा म्हणतो, विक्रीच्या पाच टक्के द्या आणि २ लाख ४० हजार झाले की हिशोब पुरा. रक्कम जवळजवळ तीच. पण तूर येते तेव्हा, चार महिने, विक्री दोन-दोन लाखांची आणि पुढचे आठ महिने वीस-वीस हजारांची असेल, तर हंगामात महिन्याला दहा हजार जातील आणि पावसाळ्यात एकच हजार. वर्षाचे ४८ हजार, म्हणजे पाच वर्षांत फिटलं. बँकेच्या त्या हप्त्याला मात्र हंगाम कळत नाही. श्रावणात मिल बंद असली तरी ६,६४३ भरायचेच, आणि मग ते कोणाच्या तरी शिलाईच्या किंवा दुधाच्या पैशातून जातात. उद्योगाच्या चालीने चालणाऱ्या अशा पैशाला धीराचं भांडवल म्हणतात. इम्पॅक्टचा पैसा घ्यायचाच, तर या धीरासाठी.

पण इम्पॅक्टचं नाव घेणारा प्रत्येक पैसा धीर धरतोच असं नाही. आंध्र प्रदेशात गरीब बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूकदारांचा पैसा भराभर आला. २०१० मध्ये त्यातल्या एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि त्यांवर उड्या पडल्या. इकडे एकेका बाईच्या डोक्यावर तीन-चार कंपन्यांची कर्जं, दर आठवड्याला वसुली. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने वटहुकूम काढून आठवड्याची वसुली महिन्यावर आणली आणि जबरदस्तीला बंदी घातली. मग परतफेडच थांबली आणि कंपन्याही अडचणीत आल्या. "इतक्या लाख महिलांपर्यंत पोहोचलो" हे मोजलं जात होतं. घेतलेलं कर्ज फेडून त्या बाईच्या हातात काय उरलं, हे मोजायला हवं होतं.

मोजमापाचं आधी ठरवून घ्या. "किती महिलांना लाभ" असा रकाना भरायला सोपा, पण त्यातून काही कळत नाही. मिलवर किती दिवस काम मिळालं, दिवसाला किती पडले, तेच काम नसतं तर ती बाई कुठे गेली असती आणि तिला किती मिळाले असते, एवढं वहीत असलं तरी पुरे. वही कोण लिहिणार आणि त्या वेळेची मजुरी कोण देणार, हेही विचारा. लाजू नका.

आता सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. सेबीने २०२२ मध्ये त्याचे नियम केले. त्यात नोंदलेल्या सेवाभावी संस्था 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल' नावाचे रोखे काढू शकतात. त्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही, म्हणजे खरं तर हिशोब जाहीर करावा लागणारी देणगीच. छोट्या गटाला थेट तिथं जाण्याचं कारण नाही.

अध्यक्ष ताईंना आम्ही एकच काम सांगितलं होतं, गेल्या वर्षीची विक्री महिन्यावार एका कागदावर लिहून काढा. काल त्यांनी कागद आणला. आषाढापासून अश्विनापर्यंतच्या ओळी जवळजवळ कोऱ्या आहेत. येत्या मंगळवारी शहरातले ते दोघं परत येणार आहेत. कागद आधी त्यांच्यापुढे ठेवायचा आणि या महिन्यांत तुम्ही किती मागणार, असं विचारायचं, हे गटाच्या बैठकीत ठरलं आहे.