लघु यूएसबी मायनर : वेगवृद्धी आणि शीतन

१. संज्ञेचा विचार

एखादी नवी वस्तू व्यवहारात येते तेव्हा भाषा तिच्यासाठी बहुधा जुन्याच एखाद्या वस्तूचे नाव उसने घेते. नावाबरोबर जुन्या वस्तूविषयीच्या कल्पनाही येतात आणि पुष्कळदा त्या नव्या वस्तूच्या आकलनाच्या आड येतात. बिटकॉइनच्या व्यवहारातील ‘मायनिंग’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. खाण म्हटली की भूमीत दडलेले धन, ते उकरून काढणारा श्रमिक आणि जो अधिक वेगाने खणील त्यास अधिक प्राप्ती, ही कल्पनांची मालिका ओघानेच येते. पेन ड्राइव्हएवढे यंत्र संगणकास जोडून त्याचा वेग वाढविण्याच्या ज्या खटपटी हौशी लोक २०१३ पासून आपापल्या घरी करीत आले आहेत, त्यांना या कल्पनेचे मोठेच पाठबळ लाभले आहे.

वस्तुतः २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधात सोने खणणाऱ्यांचा दृष्टान्त आला आहे तो निराळ्या हेतूने. नवे नाणे चलनात येण्यासाठी कोणीतरी साधनसंपत्ती खर्ची घालावी लागते, एवढेच साम्य तेथे अभिप्रेत आहे. तेथे व्यय होतो तो विजेचा व संगणकाच्या वेळेचा. पुढे संज्ञा रूढ झाली आणि दृष्टान्तातील व्ययाची बाजू मागे पडून प्राप्तीची बाजू तेवढी पुढे आली. वेगवृद्धीचा, म्हणजे ज्यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात त्या क्रियेचा, आणि तिच्यामागोमाग येणाऱ्या शीतनाचा विचार करताना ही मागे पडलेली बाजूच प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

२. यंत्राचे कार्य

या यंत्रात धन शोधले जात नाही. सोडतीच्या चिठ्ठ्या काढल्या जातात. ‘हॅश’ या इंग्रजी शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेतील बारीक चिरण्याच्या क्रियेत आहे, आणि ते येथे अन्वर्थक ठरते. व्यवहारांच्या एका गठ्ठ्याचा, म्हणजे ‘ब्लॉक’चा, शीर्षभाग एसएचए-२५६ या गणिती रीतीने दोनदा चिरून मिसळला जातो आणि २५६ अंकस्थानांची एक द्विमान संख्या हाती येते. ही संख्या ठरावीक मर्यादेहून लहान निघाली तर ब्लॉक सिद्ध होतो. न निघाली तर शीर्षभागातील एक आकडा बदलून पुन्हा तीच क्रिया करावयाची. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असतो. काल वाया गेलेल्या प्रयत्नांमुळे आजच्या प्रयत्नाचे पारडे यत्किंचितही जड होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सरासरीने दर १० मिनिटांस एक ब्लॉक सिद्ध व्हावा अशी योजना आहे, आणि दर २,०१६ ब्लॉकांनंतर मर्यादा त्या बेताने कमीअधिक केली जाते. सर्वांनी वेग दुप्पट केला तर सर्वांचे काम दुप्पट अवघड होते. नाण्यांची निपज होती तेवढीच राहते. खाणीचा दृष्टान्त येथे पुरता कोलमडतो.

३. लघु यंत्रांची परंपरा

२०१३ साली बाजारात आलेला ‘ब्लॉक इरप्टर’ हा या वर्गातील पहिला प्रसिद्ध नमुना. त्याचा वेग सेकंदास सुमारे ३३ कोटी हॅश आणि वीजव्यय सुमारे २.५ वॅट होता. यूएसबी २.० च्या छिद्रातून ५ व्होल्टांच्या दाबाने ५०० मिलीअँपिअर प्रवाह घेण्याची मुभा असते. म्हणजे ते यंत्र मूळ वेगातच त्या छिद्राच्या मर्यादेस टेकलेले होते. आरंभी त्याची किंमत सुमारे २ बिटकॉइन होती. पुढे बिटमेनच्या ‘अँटमायनर यू-१’ने सेकंदास १६० कोटींचा पल्ला गाठला. त्यानंतर गेकोसायन्सचा ‘कॉम्पॅक’ आला. त्यात बीएम१३८४ ही एकच चिप असून तिच्यात ५५ गणनकेंद्रे आहेत. प्रत्येक केंद्र घड्याळाच्या एका ठोक्यास एक हॅश करते. म्हणून १५० मेगाहर्ट्झ वेगाला सेकंदास ८२५ कोटी हॅश होतात व २०० मेगाहर्ट्झला १,१०० कोटी. २०२१ च्या ‘कॉम्पॅक एफ’मध्ये बीएम१३९७ ही चिप असून तिची केंद्रे ६७२ आहेत, ४५० मेगाहर्ट्झला त्याचा वेग ३०,००० कोटींच्या वर जातो. आठ वर्षांत वेग सुमारे ९०० पटींनी वाढला. यंत्र मात्र मुठीत मावेल एवढेच राहिले. एवढ्याशा जागेत निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी घालवावयाची, हा प्रश्न त्यामुळे अटळ झाला.

४. वेगवृद्धीचे स्वरूप

चिपमधील सर्व कामे एका समान ठोक्यावर चालतात. संगीतातील लयीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. विलंबित लयीत दोन मात्रांमध्ये पुष्कळ अवकाश असतो व प्रत्येक बोल पूर्ण वाजतो. लय द्रुत होत गेली की अवकाश आकसतो आणि एका मर्यादेपलीकडे बोल अपुरा राहून पुढच्यात मिसळतो. चिपमध्येही एका ठोक्यास सुरू झालेला विद्युत्संकेत पुढचा ठोका पडण्यापूर्वी स्थिर व्हावा लागतो. तो स्थिर न झाला तर उत्तर चुकते. चुकलेल्या उत्तरांची गणना यंत्र चालविणारा कार्यक्रम स्वतंत्रपणे दाखवितो. तो आकडा वाढू लागला म्हणजे लय मर्यादेबाहेर गेली असे समजावे.

संकेत लवकर स्थिर व्हावा यासाठी विद्युद्दाब वाढविणे हा एक उपाय आहे. ‘कॉम्पॅक’ जातीच्या यंत्रांवर त्यासाठी एक चिमुकला स्क्रू असतो, आणि ठोक्याचा वेग संगणकावरून आज्ञा देऊन बदलता येतो. दाब वाढविण्याची किंमत मात्र जबर असते. अशा परिपथातील वीजव्यय ठोक्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, वेग २५ टक्क्यांनी वाढविला व त्यासाठी दाब १० टक्क्यांनी वाढवावा लागला. काम १.२५ पट झाले. वीजव्यय मात्र १.२५ गुणिले १.२१, म्हणजे १.५१ पट झाला. काम पाव हिश्शाने वाढले आणि उष्णता निम्म्याने. दर हॅशमागे लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी महागली. वेगवृद्धीविषयीचे सारे व्यावहारिक नियम या एका गुणाकारातून निघतात.

५. शीतनाचे गणित

चिपने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता चिपमधून धातूच्या पंखिकांत, म्हणजे हीटसिंकमध्ये, आणि तेथून हवेत जाते. या मार्गास एक रोध असतो व तो दर वॅटमागे किती अंशांनी तापमान चढते या मापाने सांगतात. कल्पनेसाठी ६ वॅटचे यंत्र आणि दर वॅटला ६ अंश सेल्सिअस एवढा रोध घेऊ. चिपचे तापमान खोलीहून ३६ अंशांनी चढेल. खोली २५ अंशांवर असता ते ६१ होईल. वर सांगितलेली वेगवृद्धी केली की वीजव्यय ९ वॅटवर जाईल व चढ ५४ अंशांचा होईल. २५ अंशांच्या खोलीत ही चिप ७९ अंशांवर राहील. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीचीच हवा ४० अंशांवर असते. तेथे तीच चिप ९४ अंशांवर जाईल. थंड हवामानाच्या देशांतील हौशी प्रयोगकर्त्यांनी निर्वेध म्हणून सांगितलेला वेग आपल्याकडील उन्हाळ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे कारण हे आहे.

येथे एक दुष्टचक्रही संभवते. चिप तापली की तिच्यातून पाझरणारा निरर्थक प्रवाह वाढतो, त्यामुळे ती आणखी तापते आणि चुकाही वाढतात. म्हणून शीतन हे वेगवृद्धीनंतर करावयाचे काम नसून तिच्या आधी करावयाचे काम आहे.

उपायांत सर्वांत साधा व परिणामकारक उपाय पंख्याचा. स्थिर हवेपेक्षा वाहती हवा उष्णता कितीतरी वेगाने नेते. वरील उदाहरणात पंख्यामुळे रोध निम्म्यावर आला असे धरले, तर ४० अंशांच्या खोलीतही चिप ६७ अंशांवर राहील. वारा पंखिकांच्या फटींतून आरपार जावा अशा बेताने पंखा ठेवावा. नुसत्या सपाट बाजूवर वारा घातल्याने विशेष लाभ होत नाही. चिप व हीटसिंक यांमधील थर्मल पेस्टचा थर पातळ असावा. त्याचे प्रयोजन सूक्ष्म फटींतील हवा हटविणे एवढेच असते. थर जाड झाला तर तोच रोध बनतो. चिपला ५ व्होल्टांहून बराच कमी दाब लागतो, आणि तो उतरविणारा रूपांतरकही स्वतः तापतो. वाऱ्याचा झोत त्याच्यावरूनही गेला पाहिजे. हबमध्ये यंत्रे दाटीने लावली तर एकाची ऊन हवा दुसऱ्यास लागते, म्हणून मध्ये एकेक जागा मोकळी सोडणे हितावह असते. धूळ साचलेला हीटसिंक घोंगडी पांघरल्यासारखा होतो. तो महिन्यातून एकदा तरी मऊ ब्रशने झाडावा.

शीतकपाटात यंत्र ठेवणे किंवा ओले फडके जवळ टांगणे हे उपाय वरवर चतुराईचे वाटले तरी त्याज्य आहेत. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर दवासारखे साचते व परिपथात पाणी शिरते. कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत तर धातूचे जोड मुळातच लवकर गंजतात.

६. वीजपुरवठा आणि सुरक्षितता

९ वॅटचे यंत्र ५ व्होल्टांवर १.८ अँपिअर प्रवाह ओढते. यूएसबी २.० च्या मर्यादेच्या हे साडेतीन पटींहून अधिक आहे, आणि यूएसबी ३.० च्या ९०० मिलीअँपिअर मर्यादेच्या दुप्पट. असे यंत्र लॅपटॉपच्या छिद्रात थेट लावणे म्हणजे लॅपटॉप पणास लावणे होय. स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब घ्यावा, आणि त्याच्या सर्व छिद्रांचा एकूण प्रवाह व दर छिद्रामागील प्रवाह ही दोन्ही मापे पाहावीत. अशी पाच यंत्रे मिळून ९ अँपिअर होतात. स्वस्त हबच्या अडॅप्टरला हा भार झेपत नाही. ढिला जोड चिपच्या आधी तापतो, आणि त्याची सूचना प्लॅस्टिकच्या वासाने मिळते. यंत्रे लाकडी फळीवर, पडद्याजवळ वा अंथरुणाजवळ ठेवू नयेत, आणि नव्या वेगाची चाचणी पूर्ण होईपर्यंत कोणी जागे नसताना ती चालू ठेवू नयेत. पंखा बंद पडल्यास यंत्र आपोआप थांबेल अशी व्यवस्था नसेल, तर पंखा नसतानाही सुरक्षित राहील एवढाच वेग ठेवणे इष्ट.

चाचणीची रीत शास्त्रीय असावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग लहान टप्प्यांनी चढवावा. प्रत्येक टप्प्यावर काही तास थांबून तापमान, चुकांचे प्रमाण व वीजव्यय टिपून ठेवावा. आणि दाब वाढविणे हा शेवटचा उपाय समजावा. पडद्यावर दिसणारा वेग आणि सामुदायिक पूलने स्वीकारलेल्या उत्तरांवरून निघणारा वेग यांत पुष्कळदा अंतर असते. खरा वेग दुसरा होय.

७. लाभालाभ

२०१३ च्या जुलैत बिटकॉइनच्या साऱ्या जाळ्याचा वेग सेकंदास सुमारे २०० लक्ष कोटी हॅश होता. त्या वेगाला एका ‘ब्लॉक इरप्टर’च्या वाट्यास एक ब्लॉक येण्यास सरासरीने सुमारे ११ वर्षे लागली असती, परंतु वर्ष संपण्यापूर्वीच जाळ्याचा वेग कित्येक पटींनी वाढला आणि हा हिशेब कागदावरच राहिला. २०२५ साली जाळ्याचा वेग एकावर एकवीस शून्ये एवढ्या संख्येस पोहोचला. त्या मानाने ३०,००० कोटी वेगाच्या यंत्रास एका ब्लॉकसाठी सरासरीने सुमारे ६३,००० वर्षे लागतील. पूलमध्ये सामील होऊन लहान वाटा घेतला तरी, २०२४ पासूनच्या ३.१२५ बिटकॉइन या दराने, वर्षाकाठी बिटकॉइनच्या एका कोटी भागांपैकी सुमारे ५०० भाग पदरी पडतात. आणि पंख्यासह १२ वॅट धरले तर त्यासाठी वर्षाला १०५ युनिट वीज जळते. वेग पाव हिश्शाने वाढविल्यास ६३,००० वर्षांची सुमारे ५०,००० वर्षे होतात. अत्यल्प संभव म्हणजे अशक्यता नव्हे, हे मान्य केले तरी या फरकासाठी घर तापविण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

हाच गुणाकार उलटा करून पाहिला तर निराळे सत्य हाती येते. वेग २० टक्क्यांनी व दाब १० टक्क्यांनी उतरविला, तर वीजव्यय मूळच्या ६५ टक्क्यांवर येतो आणि दर हॅशची ऊर्जा १९ टक्क्यांनी वाचते. काटकसर ज्याचे ध्येय आहे त्याने वेग वाढवावयाचा नसून घटवावयाचा आहे.

मग या लघु यंत्रांचे मोल कशात आहे? वेग, दाब, उष्णता व चूक यांचे परस्परसंबंध स्वतःच्या मेजावर, अल्प खर्चात, आकड्यांनिशी पाहावयास मिळतात, हे ते मोल. विद्यार्थ्यास यापेक्षा सुलभ प्रयोगसाधन क्वचितच लाभेल. खाणीच्या आशेने जो याकडे वळेल त्याच्या हाती विजेचे बिल येईल. प्रयोगाच्या दृष्टीने जो वळेल त्यास तेच बिल शिक्षणशुल्क म्हणून फारसे जड वाटणार नाही. दोघांच्या मेजावरचे यंत्र एकच असते; अंतर पडते ते संज्ञेच्या आकलनात.