वाढणाऱ्याचे पथ्य (लेखांक सातवा)

तुळशीचे लग्न लागले की पनवेल तालुक्यात हळदींचा हंगाम सुरू होतो आणि थंडी धरली की जोडीला मडक्यात शिजणारी पोपटी येते. गणपती-गौरी त्याआधीच होऊन गेलेल्या असतात, शिमगा पुढे उभाच असतो. आगरी, कोळी, कराडी घरांत लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद म्हणजे जवळपास गावजेवण. जुन्या पनवेलच्या वाड्यांतून आणि नव्या पनवेलच्या सोसायट्यांतून बारसे, डोहाळजेवण, सत्यनारायण चालूच असतात. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत नेमके काय केले जाते, हे आपण मागे पाहिले. ती करून घेतलेला माणूस या जेवणावळींत कसा वावरणार, हा आजचा विषय. काय खावे, किती खावे हे लिहिलेला कागद रुग्णालय त्याच्या हातात देते. मंडपात मात्र पळी दुसऱ्याच्या हातात असते. बरे होण्याच्या पहिल्या वर्षात जेवणाऱ्याच्या निग्रहाइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, महत्त्व वाढणाऱ्याच्या वागण्याला आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यामुळे पथ्याचा काही भाग यजमानाने उचलायला हवा.

आधी पोटाची नवी स्थिती लक्षात घेऊ. आपल्याकडे सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, जिच्यात सुरुवातीला साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते. ‘बायपास’मध्ये वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पहिले दोन आठवडे बहुतेक ठिकाणी फक्त पातळ पदार्थ देतात, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि नेहमीचे जेवण साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर. त्यानंतरही तीन बंधने राहतात. माप लहान हवे. वेग मंद हवा, म्हणजे मूठभर जेवणाला वीस ते तीस मिनिटे आणि प्रत्येक घास चावून अगदी लगदा केलेला. क्रमही ठरलेला हवा: आधी प्रथिने, मग भाजी, जागा उरली तर भात किंवा पोळी, आणि पाणी जेवणाबरोबर नाही तर अर्ध्या तासाने. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने एवढ्याशा जागेतून पोटात जायची असतील तर पहिल्या चार घासांत भात भरून चालत नाही. ही बंधने मोडली तर शिक्षा वजनकाट्यावर नंतर दिसते, शरीरात लगेच दिसते. छातीच्या मधोमध घास अडकल्यासारखे होते, तोंडाला फेस येतो, उलटी होते. बायपास झालेल्याने गोड खाल्ले तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होऊ शकतात. एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. याला डंपिंग म्हणतात. ज्याला हे एकदा भर मांडवात झाले, तो पुढच्या आमंत्रणाला काहीतरी निमित्त सांगतो.

आता आपली पंगत पाहा. माप, वेग आणि क्रम या तिन्ही बाबतींत ती उलट्या दिशेने चालते. पहिल्यांदा वरणभाताची मूद, लगोलग गोड, आणि पान रिकामे दिसणे म्हणजे वाढप्याची नाचक्की. मागे दुसरी पंगत ताटकळत असल्याने सगळ्यांनी एकदम उठायचे, म्हणून सावकाश जेवणारा माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो. बुफेमध्ये हा जाच नाही असे वाटते, पण तिथे वेगळीच अडचण आहे. दारातच सरबत, मग सूप, मग चाट, मग गप्पा मारता मारता हातात आलेले काहीबाही, आणि शेवटी आइस्क्रीम. यातले बरेचसे पातळ किंवा मऊ असते आणि न अडकता खाली उतरते, त्यामुळे माप सुटते. हळदीच्या रात्री तिसरीच अडचण असते, ती म्हणजे वेळ. विधी, गाणी, नाच होता होता जेवणाला दहा-अकरा वाजतात. संध्याकाळी सहापासून उपाशी बसलेला माणूस मग घाईने खातो. घाई हीच या पोटाची सर्वांत मोठी शत्रू.

निश्चय पक्का असला की हे सगळे निभते, असे अनेकांना वाटते. संशोधन तसे सांगत नाही. जॉन द कॅस्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली लोकांना आठवडाभर आपले खाणे टिपून ठेवायला लावले, तेव्हा एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा इतरांबरोबरचे जेवण सरासरी ४४ टक्के मोठे निघाले. २०१९ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील हेलन रडक आणि सहकाऱ्यांनी अशा ४२ अभ्यासांचा आढावा घेतला. हा परिणाम घरच्यांच्या आणि मित्रांच्या संगतीत ठळक दिसतो, अनोळखी माणसांत मात्र दिसत नाही, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांचे आहेत. पण शस्त्रक्रियेने जठर बदलते, माणसाचे नातेवाईक बदलत नाहीत. उलट या रुग्णाची एक जास्तीची अडचण असते. भरल्या पोटाची जुनी, ओळखीची जाणीव त्याला सुरुवातीला येत नाही. उचकी, नाकाला पाणी सुटणे, छातीवर दाब अशा खुणा येतात आणि त्या येईपर्यंत शेवटचा घास आधीच गिळलेला असतो. चार माणसांशी बोलत असताना या खुणा चुकणे स्वाभाविक आहे. अशा वेळी शेजारून कोणी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत पानात आणखी घातले, तर हरला कोण? रुग्णाचा निग्रह हरला असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यावर एक आक्षेप असा येतो, की पोटच लहान केले आहे, ते आपोआप थांबवील, बाकीच्यांनी चिंता का करावी? पहिले काही महिने हे अर्धे खरे असते. स्लीव्हमध्ये जठराचा वरचा फुगीर भाग निघून जातो आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते, त्यामुळे भूकही मंदावते. पण हे कुलूप फक्त घट्ट अन्नाला लागते. बासुंदी, सरबत, आइस्क्रीम यांना ते अडवत नाही. आणि भूक कालांतराने परतते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि चार हजारांवर लोकांना सामावणाऱ्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. आजची स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हती, तरी वजनाची ही चाल सर्वच पद्धतींत कमी-अधिक दिसते. २५ टक्के ही लहान गोष्ट नव्हे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदरही कमी निघाला. पण जठर आपले काम करून मोकळे झाल्यावर पुढचे सवयींवर चालते, आणि सवयी लागतात त्या याच पहिल्या वर्षात.

दारूचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण हळदीच्या संदर्भात तो गाळला तर लेख खोटा ठरेल. बायपासनंतर दारू थेट आतड्यात जाते आणि झपाट्याने रक्तात उतरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बायपास झालेल्या स्त्रियांच्या रक्तात दोन पेगांनंतर जेवढी दारू सापडली, ती इतरांच्या चार पेगांएवढी होती. २०१२ सालच्या दुसऱ्या मोठ्या पाहणीत दारूच्या व्यसनाचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात वाढलेले दिसले नाही, दुसऱ्या वर्षात मात्र वाढलेले दिसले. म्हणजे ‘आता झालं की वर्ष, घे थोडी’ हा आग्रह नेमका चुकीच्या वेळी होतो. इथे मी कुठलीच सूट सुचवणार नाही. मांडवाच्या मागे ग्लास पुढे करणाऱ्याने या माणसाला वगळावे, एवढेच.

दुसरा आक्षेप रुग्णांच्या काळजीवाहू घरच्यांकडून येतो: इतके जोखमीचे आहे तर वर्षभर कुठे जायचेच नाही. पहिल्या सहा-आठ आठवड्यांपुरते हे मला मान्य आहे. पातळ आहारावरच्या माणसाला मटणाच्या वासात बसवण्यात काही पुरुषार्थ नाही. त्यापुढे मात्र हा सल्ला उलटतो. वर्ष संपते, लग्ने संपत नाहीत. भूक मंद आहे त्या काळातच चार माणसांत थोडे आणि सावकाश जेवायची सवय लागली नाही, तर भूक परतल्यावर ती लागणे आणखी कठीण. शिवाय जिच्या शरीरावर वर्षानुवर्षे शेरे मारले गेले, ती व्यक्ती त्या शेऱ्यांमुळे समारंभ टाळत आलेली असते. शस्त्रक्रियेनंतरही तिला घरीच ठेवायचे असेल तर मिळवले काय?

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि त्याला मी हलके लेखत नाही. आग्रह हे प्रेम आहे, तो काढला तर आपल्या पाहुणचारात उरते काय, असा तो आहे. याच्या पोटात अनेकदा दुसरा, न बोललेला आक्षेप असतो: ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाची पळवाट, त्याचे लाड कशाला? या न बोललेल्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर चरबी कशी साठवते हे केवळ इच्छाशक्तीने ठरत नाही. आशियाई लोकांना ही शस्त्रक्रिया सुचवण्याची बीएमआयची मर्यादा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २७.५ पर्यंत खाली आणली, त्यामागेही हेच वास्तव आहे. खवय्ये म्हणून प्रसिद्ध असलेल्या नितीन गडकरी यांनी २०११ साली, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते जाहीर होते. सामान्य माणूस मात्र ती लपवतो आणि लपवल्यामुळे मांडवात नकाराचे कारण सांगू शकत नाही. सगळ्यांना सगळे सांगायची गरज नाही. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बंदी केली आहे’ एवढे पुरते आणि ते खरेही आहे.

आता आग्रहाचे. आपल्याच परंपरेत त्याला उत्तर आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पातळ पदार्थांसाठी आणि एक मोकळा ठेवायला सांगितला आहे. १८७२ पासून धूतपापेश्वर कारखाना ज्या गावात आयुर्वेदाची औषधे बनवतो, त्या पनवेलला ही मात्रेची कल्पना परकी वाटू नये. पाहुणचार काढून टाका असे मी म्हणत नाही, त्याचे माप बदला असे म्हणतो. त्यासाठी परदेशी सॅलडही लागत नाही. पोपटीच्या मडक्यातले अंडे, वालाच्या शेंगांतले कोवळे दाणे, नीट मऊ शिजलेले वालाचे बिरडे, कमी तेलातले माशाचे कालवण, त्यातला काटे काढलेला तुकडा, हे सारे या पोटाला पथ्यकर आणि पनवेलच्या स्वयंपाकघरात मुळातच असलेले पदार्थ आहेत. त्रास होतो तो वड्यांचा, मऊ चिकट भाताचा, कोरड्या चिवट मटणाचा आणि गोडाचा. रस्सा ओतायचा आग्रह सोडून मऊ तुकडा शोधून वाढणारी मावशी कमी प्रेमळ ठरते, असे कोण म्हणेल?

यजमानांना माझी विनंती साधी आहे. अशा पाहुण्याला आमंत्रण देतानाच जेवण किती वाजता होईल ते खरे सांगा, उशीर होणार असेल तर आठलाच त्याची लहान ताटली बाजूला काढून द्या. ती त्याची त्याला वाढून घेऊ द्या. अर्धी उरली तर ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार त्या दिवसापुरता आवरा. तो उठेपर्यंत एक जण शेजारी बसा आणि किती किलो उतरले हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. डोके दुखते म्हणाला तर घरातली आयबुप्रोफेनची गोळी पुढे करू नका, बायपासनंतर अशा गोळ्यांनी आतड्याच्या जोडावर जखम होऊ शकते. आणि समारंभाहून परतल्यावर उलट्या दुसऱ्या दिवशीही थांबल्या नाहीत, तर ओवा, सोडा, पाचक यांत वेळ न घालवता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करा, कारण सततच्या उलट्यांत शरीरातले ब-१ जीवनसत्त्व संपते आणि त्याची इजा थेट मेंदूला व नसांना होते.